सडा आणि व्हाळ: सत्तरीतल्या एका काजूभट्टीचे प्रकरण

पार्श्वभूमी

सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे घाटाच्या पायथ्याशी एक एकत्र कुटुंब राहते. त्यांचे नाव-गाव इथे देत नाही. प्रकरण समजायला त्यांची जमीन आणि भट्टी एवढी ओळख पुरते. जमिनीचे दोन तुकडे आहेत. वरचा सड्यावर: जांभ्याचा कातळ, त्यावर वीतभर माती, दिवसभर ऊन आणि वारा. खालचा व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी: खोल, ओल धरून ठेवणारी माती आणि दुपार कलली की डोंगराची सावली. दोन्हीकडे काजू आहे. काजूच्या बोंडवांपासून फेणी ही दारू गाळायची भट्टी व्हाळाजवळ, कारण वाफ थंड करायला पाणी लागते.

भट्टी थोरल्या काकांच्या हातची. मार्च ते मे हा त्यांचा हंगाम. झाडावरून तोडलेले बोंडू ते घेत नाहीत, पिकून आपोआप खाली पडलेलेच घेतात. बी पिळून वेगळी करायची, बोंडू कातळातल्या कुंडीत पायांनी तुडवायचे, चोथ्याचा ढीग रानवेलीने आवळून त्यावर दगड ठेवायचा. त्या चोथ्यातून झिरपणारा निरो घरातली पोरे तशीच पितात. तुडवणीचा रस दोन-तीन दिवस स्वतःच आंबतो, त्यात बाहेरचे यीस्ट पडत नाही. मग तो तांब्याच्या भाणात, म्हणजे गाळायच्या भांड्यात. पहिली धार हुर्राक, आणि हुर्राकात पुन्हा आंबलेला रस घालून गाळली की फेणी. सडा आणि व्हाळ यांचा माल काकांनी कधी वेगळा धरला नव्हता. पावणीत (काजूच्या जागांच्या लिलावात) आजूबाजूचा भाग मिळाला तर तिथले बोंडूही त्यातच.

पुतण्या नाशिकजवळच्या एका वाइनरीत काही हंगाम तळघरात काम करून परतला होता. येताना त्याने एक कल्पना आणली. फ्रेंच लोक तिला तेरवार म्हणतात: माती, उतार, पाणी, हवा आणि तिथल्या माणसांची वहिवाट यांचा पेयात उतरणारा एकत्र ठसा. या विचाराचे सर्वांत कडवे घर फ्रान्समधले बर्गंडी. तिथे शेजारशेजारच्या द्राक्षबागांना शतकानुशतके वेगवेगळी नावे आहेत, वाइनही बागेच्या नावाने विकली जाते. त्या तुकड्यांना २०१५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. पुतण्याचा प्रश्न सरळ होता: आपल्या सड्याला असे काही म्हणायचे आहे का?

पेच

हा प्रश्न नुसता हौसेचा राहिला नाही, कारण त्याच सुमारास बाटलीबंद फेणी विकणारा एक व्यापारी घरी आला. नेहमीची फेणी तो नेहमीच्या दराने घेणार होता. ‘एकाच टेकडीची’ म्हणून वेगळी काढून दिली तर जास्त दर द्यायला तयार होता. उत्तर हंगामाआधी हवे होते.

काकांना हे पटेना. ते म्हणाले, “अरे बाबा, वरचे बोंडू बारीक, त्यांना रस कमी. खालचे पाणचट, पण भरपूर. दोन्ही एकत्र केले की फेणी बसते. वेगळी करून दोन अर्ध्या फेण्या करायच्या का?”

पुतण्याचे म्हणणे: “काका, एकत्र केल्यावर कोणाचा गुण कोणता ते आपल्यालाच कळत नाही. एकदा वेगळे गाळून बघूया तरी.”

काकांची बाजू अडाणीपणाची होती असे कुणी समजू नये. जगात मिश्रणाचीही मोठी परंपरा आहे. शँपेनची बहुतेक घराणी अनेक गावांच्या आणि अनेक वर्षांच्या वाइन मिसळून आपली चव राखतात, आणि ती चव राखणे हेच तिथले कौशल्य मानले जाते. एका जागेचा आवाज ऐकवायचा की अनेक जागांतून एक तोल साधायचा, हा वाइन करणाऱ्यांतला जुना आणि खरा मतभेद आहे. तोच इथे एका पडवीत बसला होता.

विचारात घेतलेले पर्याय

पुतण्याच्या मनात आधी सड्यावर द्राक्षे लावायचे होते. मला सल्ल्यासाठी बोलावले ते याच टप्प्यावर. माझे मत विरोधात होते. नाशिकची द्राक्षे साधारण ६०० मीटर उंचीवर, पावसाळा सरल्यावर, कोरड्या हवेत आणि थंड रात्रींत पिकतात. तिथेही वेलीला खरा हिवाळा मिळत नाही म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करून तिचे वेळापत्रक माणूस ठरवतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, वाळपईकडे त्याहून जास्त, आणि बाकीचे महिने दमट. पानांवर केवडा रोग येणार, औषधांच्या फवारण्या वाढणार, उबदार रात्रींत फळातली आम्लता उतरणार. एवढे सगळे सावरून जी वाइन होईल तिच्यात सड्यापेक्षा फवारणीचे वेळापत्रकच जास्त दिसेल. ज्याला जागेचे ऐकायचे आहे त्याने तिथे आपणहून तग धरणारे झाड आधी बघावे. काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात आणलेला, पण जांभ्यावर तो असा रुजला की आज तो परका वाटत नाही.

नाशिकहून द्राक्षे आणून इथे गोड ‘पोर्ट’ वाइन करण्याचा पर्याय एका बैठकीतच बाद झाला. तो धंदा गोव्यात जुना आहे. पण मूळ पोर्ट ज्या दोउरु खोऱ्याची, त्या खोऱ्याची हद्द पोर्तुगालने १७५६ मध्येच आखून दिली होती. जागेच्या हक्कासाठी निघालेल्या माणसाने दुसऱ्याच्या जागेचे नाव बाटलीवर घालावे, हे पुतण्यालाच रुचले नाही.

काजूच्या रसाची न गाळलेली वाइन हा पर्याय मात्र आम्ही बराच वेळ तोलला. गाळणीत साखर, आम्ल, तुरटपणा, क्षार सगळे भाणात मागे राहते आणि फक्त उडणारे घटक वर जातात. म्हणजे जागेचा ठसा गाळून घालवण्याआधीच थांबलो तर बरे, असा युक्तिवाद होता. अडचण घशाची. बोंडवाचा तुरटपणा घशाला धरतो, तो काढायला रस इतका साफ करावा लागतो की त्याबरोबर वासही जातो. शिवाय हा रस हवेने फार लवकर काळवंडतो.

राहिले दोन पर्याय: फेणी पूर्वीसारखी एकत्रच गाळायची, किंवा सडा आणि व्हाळ वेगळे धरायचे. गाळलेल्या पेयात जागा उरते का, या शंकेला फ्रान्समधल्या कोन्याकचे उदाहरण होते. तिथे गाळलेल्या दारूचेही मातीप्रमाणे कायदेशीर विभाग आहेत आणि खडूच्या जमिनीचा विभाग सर्वांत वरचा मानतात. गोव्याच्या काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले, पण ते सबंध राज्याचे. त्यात सत्तरी वेगळी नाही आणि काणकोणही नाही. एका टेकडीचा दावा करायचा तर त्याचा पुरावा कुटुंबालाच उभा करावा लागणार होता.

काय केले

ठरले असे की पहिल्या हंगामात थोडाच माल वेगळा गाळायचा, बाकीची भट्टी काकांच्या पद्धतीने चालू ठेवायची. व्यापाऱ्याला ‘यंदा नाही’ असे कळवले. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच. पैसा हातात घेतल्यावर कुणी फरक शोधत नाही, तो असल्याचे गृहीत धरतो.

पहिल्या हंगामाची फेणी पावसाळाभर काचेच्या गराफांवांत ठेवली आणि चतुर्थीनंतर चाखली. फरक पहिल्याच वासाला कळला. सड्याची फेणी टोकदार, नाकात चढणारी. व्हाळाची गोलसर, पिकल्या बोंडवाच्या वासाची. पुतण्याला हवे होते ते मिळाले असे वाटले. ‘सड्याचा वारा’ हे शब्द त्याने वहीत लिहूनही टाकले.

मला तो टोकदार वास ओळखीचा वाटला, म्हणून आम्ही मागचे सगळे क्रमाने तपासले. तीन गोष्टी निघाल्या.

पहिली गोष्ट झाडांची. सड्यावर सगळी गावठी, बियांपासून उगवलेली झाडे. खाली निम्म्याहून अधिक वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या सुधारित जातींची कलमे. मग आपण माती चाखत होतो की जात? बर्गंडीत बागांची तुलना करता येते, कारण तिथली लाल वाइन मुख्यतः एकाच द्राक्षाची, पिनो न्वारची. त्यासाठी तिथे कठोरपणाही झाला. १३९५ मध्ये ड्यूक फिलिपने गामे जातीच्या वेली उपटून टाकण्याचा हुकूम काढला होता. आपल्याकडे तशी शिस्त कुणी लावलेली नाही, आणि गावठी काजूत तर झाडागणिक फळ वेगळे.

दुसरी गोष्ट भांड्यांची. सड्याचा रस मातीच्या जुन्या मडक्यांत आंबला होता, व्हाळाचा प्लास्टिकच्या पिंपांत. मडक्याच्या छिद्रांत मागच्या हंगामांचे यीस्ट आणि जिवाणू मुरलेले असतात. पिंप धुतले की स्वच्छ.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सड्यावरचे बोंडू संध्याकाळपर्यंत गोळा होत, पोत्यांत भरून रात्रभर वरच राहत आणि दुसऱ्या दिवशी भट्टीवर येत. व्हाळाचे बोंडू त्याच दिवशी तुडवले जात. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात पोत्यातले फुटके फळ रात्रीत आंबट होते. ॲसिटिक आम्ल तयार होते, अल्कोहोलशी मिळून त्याचे इथाइल ॲसिटेट बनते, आणि हा पदार्थ फार उडता असल्याने गाळणीत सरळ वर येतो. वास नेलपॉलिशसारखा. थोडा असला तर फेणी ‘उठावदार’ वाटते. पुतण्याने ज्याला सड्याचा वारा म्हटले होते, त्याचा बराचसा भाग पोत्यातली रात्र होती.

हे ऐकून तो दोन दिवस कुणाशी फारसे बोलला नाही. मग स्वतःच पुढच्या हंगामाची पद्धत लिहून आणली. दोन्हीकडून फक्त गावठी झाडांचे बोंडू घ्यायचे. सड्यावरचे बोंडू सकाळी वेचायचे आणि दुपारच्या आत खाली आणायचे, त्यासाठी दोन माणसे वाढवायची. मडकी आणि पिंपे आलटून पालटून वापरायची, म्हणजे दोन्ही जागांचा रस दोन्ही भांड्यांत आंबेल. भाण तेच, लाकूड तेच, आणि धार किती ग्रावांवर (दारूच्या कडकपणाच्या मापावर) तोडायची तो आकडाही दोघांना एकच. काकांनी एक सूचना केली ती कुणालाच सुचली नव्हती: आगीजवळ दोन्ही वेळी काकीच बसेल. जाळ कमी-जास्त झाला की धार बदलते, आणि तिच्याइतका सारखा जाळ घरात कुणाच्या हातून होत नाही.

चाखणीही बदलली. तीन पेले, दोन एकाच फेणीचे आणि एक दुसरीचे. वेगळा कोणता ते सांगायचे. नुसत्या अंदाजाने तिनातून एकदा बरोबर येते, त्याहून सातत्याने चांगले आले तरच फरक मानायचा. चाखायला घरची माणसे, शेजारचे दोन भट्टीकार आणि पणजीतला एक तावेर्नवाला, म्हणजे दारूचे दुकान चालवणारा. कोणत्या पेल्यात काय आहे हे ओतणाऱ्या मुलीशिवाय कुणालाच माहीत नसे. कोन्याकच्या मातीची पाहणी एकोणिसाव्या शतकात भूगर्भशास्त्रज्ञ कोकाँ यांनी केली, तेव्हाही त्यांनी चव पारखणारा माणूस सोबत घेतला होता असे सांगतात. दगड वाचणारा आणि जीभ असलेला यांनी एकमेकांची खातरजमा करायची, ही रीत मला फार मोलाची वाटते.

निष्पत्ती

दुसऱ्या हंगामात टोकदारपणा जवळपास गेला. हुर्राकात सडा आणि व्हाळ वेगळे आहेत हे बहुतेकांना सांगता आले. फेणीत फरक बारीक झाला. शेजारचे भट्टीकार आणि तावेर्नवाला कधी बरोबर, कधी चूक. काका आणि काकी मात्र पुन्हा पुन्हा बरोबर. मडके की पिंप हा फरकही जाणवला, पण भांडी बदलूनही जागेचा फरक मोडला नाही. सड्याची फेणी आता कोरडी, किंचित मिऱ्याकडे झुकणारी. व्हाळाची फळाच्या गराची.

याचे कारण रसात शोधले तर जमिनीतले लोह किंवा दगडाची चव असे काही हाती लागत नाही. हाती लागते ते पाणी. सड्यावरची वीतभर माती मार्चमध्येच सुकते. बोंडू लहान राहतात, रस कमी, साखर जास्त. रिफ्रॅक्टोमीटरवर (रसातली साखर मोजायच्या उपकरणावर) सड्याचा रस कायम वरचढ येई. खालचे झाड ओलीवर जगते, फळ फुगते, रस पातळ होतो आणि पिकणेही मागे पडते. बोर्दोच्या जमिनींवर संशोधन करणारे झेरार सेगँ यांनी द्राक्षाबद्दल हेच दाखवले होते: मातीतल्या एखाद्या खनिजापेक्षा वेलीला पाणी किती आणि कधी मिळते, यावर जमिनीचा मोठेपणा ठरतो. सत्तरीच्या काजूत त्याचा धागा दिसावा याचा मला खरा आनंद झाला.

मग व्यापारी पुन्हा आला. त्याने लेबलाचा मजकूर आधीच तयार ठेवला होता, त्यात ‘जांभ्यातल्या लोहाची चव’ असे शब्द होते. लोह भाणातून वर येत नाही, हे पुतण्याने त्याला समजावले. तो म्हणाला, गिऱ्हाईक कुठे भाण उघडून बघणार आहे. इथे घरात पुन्हा दोन तट पडले. वाढीव दराची गरज खरी होती, घराचे छप्पर आणि दोन शिक्षणे त्यावर अडली होती. शेवटी काकांनी निर्णय दिला. हे सगळे करायला सुरुवातीला त्यांचाच विरोध होता, आणि आता तेच म्हणाले की जे आपल्या जिभेला लागले नाही ते आपल्या नावाने लिहायचे नाही. व्यापाऱ्याने वाढीव दर मागे घेतला.

आज बरीचशी फेणी पूर्वीसारखी मिश्र गाळली जाते आणि नेहमीच्या दराने जाते. सड्याची थोडी फेणी वेगळी ठेवतात, पणजीचा तावेर्नवाला ती घेतो. तो गिऱ्हाइकाला सांगतो तेवढेच: सड्यावरचे गावठी काजू, अमुक हंगाम, सकाळी वेचून त्याच दिवशी तुडवलेले. दर थोडा बरा मिळतो. घराचे छप्पर अजून झाले नाही, हेही इथे नोंदवायला हवे.

मिश्र फेणीतही एक बदल आला, तो कुणी ठरवला नव्हता. सड्याचे बोंडू आता तिच्यासाठीही त्याच दिवशी खाली येतात, आणि काका प्रमाण डोळ्यांनी न धरता मोजून धरतात. दोन्ही बाजू वेगळ्या चाखल्यामुळे त्यांना आता ठाऊक आहे की ते काय मिसळत आहेत. मला वाटते या प्रकरणात सगळ्यांत मोठा फायदा मिश्र फेणीलाच झाला.

वेगळे काय करता आले असते

जातीचा प्रश्न पहिल्या हंगामाआधीच विचारायला हवा होता. बागेत एक फेरी मारून कोणते झाड कलमी, कोणते गावठी याची खूण केली असती तर एक वर्ष वाचले असते. वेचणी कधी, तुडवणी कधी, याची नोंदही पहिल्या दिवसापासून हवी होती. मागाहून ती आठवणीतून जुळवावी लागली, आणि आठवण प्रत्येकाची वेगळी निघाली.

व्यापाऱ्याशी बोलणी एकट्याने करायला नको होती. शेजारच्या भट्टीकारांनाही त्याने तेच शब्द देऊ केले होते. तिघांनी आधी एकत्र बसून लेबलावर काय खरे लिहिता येईल ते ठरवले असते, तर दर कदाचित टिकला असता. भौगोलिक निर्देशन राज्याला मिळाले ते एकेकट्या भट्टीच्या बळावर नाही. सत्तरीचा वेगळा दावा उद्या कुणाला करायचा असेल तर तोही असाच एकत्र येऊन करावा लागेल.

एका बाबतीत माझे आणि पुतण्याचे अजून एकमत नाही. त्याला वाटते की यीस्ट बाहेरून घालून दोन्ही रस सारखे आंबवावेत, म्हणजे जमिनीचा फरक निखळ दिसेल. माझ्या मते सड्यावरच्या बोंडवाच्या सालीवर जे यीस्ट येते तेही सड्याचेच आहे, ते काढून टाकून सडा शोधणे मला पटत नाही. बर्गंडीतल्या क्लो द वूझो या एकाच भिंतीआडच्या सुमारे ५० हेक्टर बागेत आज ८०च्या आसपास मालक आहेत आणि त्यांच्या वाइन एकमेकींसारख्या नाहीत. भिंत एक, हात वेगळे. काकीचा जाळ या हिशेबात कुठे धरायचा, हे कोणत्याही उपकरणाने ठरत नाही.

तरी त्याचा आग्रह मान्य करून येत्या हंगामात थोडा रस दोन्ही पद्धतींनी आंबवायचे ठरले आहे. त्याहून लांबचे कामही सुरू झाले आहे. सड्यावरच्या एका जुन्या गावठी झाडाची कलमे करून ती वर आणि खाली, दोन्हीकडे लावली आहेत. एकच झाड दोन मातींत. ती फळाला यायला काही वर्षे जातील. तोवर यंदा मोहोरावर ढग धरले आणि ढेकण्या ही कीड पडली, म्हणून सड्याचा माल कमी येणार. जो येईल तो त्याच दिवशी खाली आणायचा, एवढे काकांनी वेचणाऱ्यांना आधीच सांगून ठेवले आहे.